साडेतिनाचा पाढा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून तर मला चोरून खाल्लेला लाडूसुद्धा लपवता येत नाही. पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या या मास्तराला औटकी येत नव्हती.

हसा, हसा. साडेतिनाचा पाढा तो. आमच्या काळी शेंबडं पोरही घडाघडा म्हणायचं. आमच्या गुरुजींनी तो घेतला तेव्हा मी गोवराने आडवा होतो. पुढे बीजगणित आलं, भूमिती आली, हा मात्र राहिला तो राहिलाच. मग कल्याणच्या शाळेत मी काय करायचो? वर्गाकडून एका सुरात म्हणवून घ्यायचो आणि खिडकीबाहेर बघत मान डोलवायचो. आणे जाऊन नवे पैसे आले, पाव-अर्ध्याचे पाढे मोडीत निघाले, तेव्हा अख्खं कल्याण कुरकुरत होतं — मी पेढे वाटले. लोकांना वाटलं, मास्तर किती पुरोगामी!

पण त्याच्या आधीचं एक राहिलंच — आणि तिथेच माझी जीभ अडते.

शाळेच्या तपासणीला साहेब आले होते. सातवीच्या वर्गात माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, सतरा औट किती, विचारा. हात एकच वर झाला — सुमनचा. हो, माझीच मुलगी.

"साडेएकोणसाठ."

मी मनात गुणाकार केला, घाबरून चुकलो, आणि म्हणालो, "चूक. उभी राहा."

"सर, बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. मी डोळे वटारले. साहेबांनीही माझ्या बाजूने मान हलवली — त्यांना तरी कुठे येत होतं?

फळ्याकडे वळेपर्यंत मला उत्तर सापडलं होतं. तिचंच बरोबर होतं. तेव्हा बोलायला काय झालं होतं? साहेब गेल्यावर? घरी, शेरा चांगला मिळाला म्हणून बायकोने केलेला शिरा खाताना? सुमन ताट चिवडत बसली होती, आणि मी — मी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

पुढे घरात थट्टाच होऊन बसली, की बापाचं गणित काही लेकीत उतरलं नाही. मी हसायचो. तीही हसायची.

मॅट्रिकला मुलींना तेव्हा गणित सोडता यायचं. तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला. "अण्णा, मला कुठे जमतंय ते?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.