एकाला एक, दोनाला दोन

माझा मामा फिटर. सदतीस वर्षं एकाच कारखान्यात. "माझ्या हातचं काम परत येत नाही," हे त्याने इतक्यांदा ऐकवलंय की त्याच्याआधी मामीचेच ओठ हलतात. निवृत्त झाल्यावर तो घरातली धड चालणारी घड्याळंही उघडू लागला, तेव्हा वैतागून मामीने त्याला आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पिटाळलं.

आम्ही सहा मुली स्पर्धेसाठी रोबो बनवत होतो. मी कॅप्टन, आणि तो मान मला जरा जास्तच चढला होता. आम्हाला दोन वेगांचा गिअरबॉक्स हवा होता, तोही जेवणाच्या डब्याएवढा. एका दांड्यावर मोठा आणि छोटा असे दोन गिअर, मध्ये सरकणारी दातेरी चकती. चकती मोठ्यात अडकली की ताकद, छोट्यात अडकली की वेग.

मामाने तो तीन दिवसांत जोडला. चकतीच्या दोन्ही बाजू दिसायला सारख्या, पण एकीकडचे दात किंचित खोल. म्हणून त्याने पंच ठोकून खुणा केल्या. मोठ्या गिअरवर आणि चकतीच्या त्याच्याकडच्या बाजूवर एकेक ठिपका, पलीकडे दोन-दोन.

"एकाला एक, दोनाला दोन. कधी खोललात तर एवढंच बघा."

"मामा, ही काय बालवाडी आहे?" मी म्हणाले. तोही हसला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी एकटीनेच गिअरबॉक्स खोलला. परीक्षकांपुढे चकचकीत दिसावा म्हणून पुसला, परत जोडला आणि कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या फेरीत रोबो वेग घेईना. चकती छोट्या गिअरमध्ये टिकेचना. फेरी हरलो, आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, "मामाला हात लावू दिला, तिथेच चुकलं!"

सोबत आलेल्या मामाने चष्मा लावला, झाकण काढून आत पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "वय झालं आता."

पुढच्या फेरीआधी अख्खा बॉक्स खोलून जोडायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या फेऱ्या आम्ही नुसत्या ताकदीवर रेटल्या. त्यानंतर मामा वर्कशॉपमध्ये फिरकला नाही. आठवड्याने मी बॉक्स खोलला, तर एका ठिपक्यासमोर दोन ठिपके. चकती मीच उलटी बसवली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या माझ्याच होत्या.

तशीच मामाच्या घरी गेले. तो ओट्याशी भेंडी चिरत होता. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं, आणि त्याने त्याला हात लावला नव्हता.

"मामा, तू पाहिलं होतंस ना?"

"अजून दोन फेऱ्या बाकी होत्या. पोरींचा भरवसा तुझ्यावर राहायला हवा होता. माझ्यावर ठेवून काय करायचं होतं?"

मी रडत माफी मागू लागले. मामीने मध्येच थांबवलं. "बोललीस चारचौघांत, आणि माफी स्वयंपाकघरात? ती इथे चालायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढतच वर्कशॉपमध्ये नेलं. पोरींसमोर बॉक्स उघडला, ठिपके दाखवले. "हे मी केलं. मामाचं काम चोख होतं."

मामाने मात्र मान खाली घातली होती, जणू चूक अजून त्याचीच होती. त्याने चकती काढली, फिरवली आणि माझ्या हातात ठेवली.

"वाच मोठ्याने," तो म्हणाला.

"एकाला एक," मी म्हणाले, आणि ठिपक्यासमोर ठिपका ठेवून चकती बसवली. "दोनाला दोन."