अण्णांचा रिलीव्हर

आधीच कबूल करते, या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. निगडीला एका शाळेत मी विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की त्याला उभं करून "वजन किती होतं रे त्याचं?" असं विचारणारी मी... तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

माझे वडील, अण्णा, चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं फर्नेसवर होते. फर्नेस म्हणजे लोखंडी पार्ट तापवायची भट्टी. ती कायम चालू, म्हणून तिथला नियम कडक – रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला की त्याला चार्ज द्यायचा, मगच सुटायचं. नाहीच आला तर पुढची शिफ्टही आपलीच. अण्णांना उशीर झाला की आई म्हणायची, "दामूभाऊ आले नसतील." दामूकाका हे अण्णांचे रिलीव्हर. बीडकडचे, चाकणला एकटेच खोली करून राहायचे. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अण्णा आणि ते रोज दहा मिनिटं भेटायचे, तेवढीच त्यांची मैत्री. अण्णा रिटायर झाले आणि घरात ते नावही निघेनासं झालं.

मागच्या वर्षीची गोष्ट. सकाळी अण्णा अंघोळ करून आले, बनियन घालता घालता पलंगावर बसले आणि म्हणाले, "पित्त झालंय बहुतेक." मी त्यांना सोडा दिला! मी, विज्ञानाची बाई... अर्धा तास त्यात गेला. मग घाम बघून मी घाबरले आणि रिक्षा करून चिंचवडच्या हॉस्पिटलात नेलं. हार्ट अ‍ॅटॅक. लगेच अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं केलंत. त्या अर्ध्या तासाचं मी त्यांना सांगितलं नाही.

आयसीयूत एका वेळी एकालाच सोडायचे, गळ्यात पास घालून. आई बाहेर बाकावर, मी आत. पहिल्या दिवशी दुपारी पावणेतीनच्या सुमाराला अण्णा एकदम चुळबुळ करायला लागले. फर्स्ट शिफ्ट सुटायची ती वेळ, हे मला मागाहून कळलं. मला म्हणाले, "रिलीव्हर आला का?"

मी म्हटलं, "नाही अण्णा, अजून नाही."

"बरं. मग थांबतो." एवढं म्हणून डोळे मिटले आणि शांत झाले. सिस्टर म्हणाल्या, आयसीयूत वयस्कर माणसांना असा भ्रम होतो, काळजी करू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच प्रश्न. मीही तेच उत्तर दिलं. "बरं, मग थांबतो." मला तर थोडं हसूही आलं. घरी जाऊन ते बरे झाले की चिडवायला बरं, असं मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, रिपोर्ट चांगले आहेत, उद्या वॉर्डात हलवू. आई तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. पण दुपारी अण्णा फार अस्वस्थ झाले. सलाईनची नळी ओढायला लागले. "आला का? बघ ना जरा. पाय दुखतात गं माझे, किती उभा राहू?" ते तर आडवे होते. सिस्टर म्हणाल्या, असंच चाललं तर हात बांधावे लागतील, मॅडम, तुम्ही हो म्हणून टाका ना, शांत होतील.

अण्णांचे हात बांधलेले मला बघवले नसते. मी वाकून म्हटलं, "आले अण्णा, रिलीव्हर आले."

"कोण?"

मला एकच नाव माहीत होतं. "दामूकाका."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. माझ्या खांद्यावरून मागे पडद्याकडे बघत म्हणाले, "तीन नंबरचा मीटर जास्त दाखवतोय, त्याच्यावर जाऊ नको. बाकी सगळं ठीक." मग कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान हलवली आणि हातमोजा काढावा तसा एक हात दुसऱ्या हाताच्या बोटांवरून ओढला. मी मागे वळून पाहिलं नाही. तीन दिवसांनी हसलेला तो चेहरा सोडून मला दुसरीकडे बघायचंच नव्हतं.

मग मॉनिटर वाजायला लागला. मला बाहेर काढलं. चाळीस मिनिटं प्रयत्न केले त्यांनी... अण्णा गेले.

बाहेर आई मला काहीतरी विचारत होती, "ते भेटले का गं?" असं काहीतरी. मला वाटलं डॉक्टरांबद्दल विचारतेय. माझं लक्षच नव्हतं.

तेराव्याला अण्णांचे जुने सहकारी शेळकेकाका आले होते. आई त्यांना सहज म्हणाली, कंपनीतले कुणी आले नाहीत तरी दामूभाऊ मात्र शेवटी येऊन गेले. खाकी शर्ट, हातात डबा. तिने पासचं विचारलं तर म्हणाले, "वैनी, म्या दामू. तुमी बसा, आता म्या हाय." आणि आत गेले.

शेळकेकाकांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "वैनी, दामूला जाऊन सात वर्सं झाली. कावीळ झाली व्हती. आमीच त्याला गावाकडं न्हेला. अण्णा बी व्हता संगं. घरी बोलला न्हाई का?"

अण्णा घरी बोलले नव्हते.

मी नंतर हॉस्पिटलात जाऊन वॉचमनला विचारलं. त्याला तसं कुणी आठवत नव्हतं. पास एकच होता आणि तो माझ्या गळ्यात होता. सिस्टरनी माझ्याशिवाय कुणाला पाहिलं नाही. आईला डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण मी आत ते नाव घेतलं, हे बाहेर बसलेल्या आईला कसं कळावं?

आई मात्र सावरली आहे. रोज देवापुढे हात जोडताना ती दामूभाऊंचंही नाव घेते. भला माणूस, वेळेवर आला, ह्यांना एकट्याला जाऊ दिलं नाही, म्हणते. मी शेजारी उभी असते. अण्णा थांबायला तयार होते. मी नाही म्हटलं की दोन्ही दिवस ते थांबले होते, तिसऱ्या दिवशीही थांबले असते. दामूकाका आपणहून आले, असं आईला वाटतं. त्यांना मी बोलावलं, हे तिला मी सांगितलेलं नाही. ती हे सदर वाचत नाही, म्हणून इथे लिहिलं.