शाळा चालू असेपर्यंत

दिलदार आपा सकाळी मुलींना शाळेत न्यायला छत्री घेऊन निघायची, ऊन असो वा नसो. छत्री मुलींसाठी होती. अकरा वर्षांपुढची पोर चालताना कुणाला दिसू नये, अशी बापांची अट. पाच मुली, एक छत्री. त्यात काय झाकलं जायचं ते अल्लालाच ठाऊक; पण बापांचं समाधान व्हायचं, आणि आमच्या छावणीत तोच मुख्य विषय होता. गणित त्यानंतर.

आपा तिकडे ब्रह्मदेशात, आराकानात असताना सातवीपर्यंत शिकलेली. रोहिंग्यांच्या आमच्या गल्लीत तेवढ्यावर ती विदुषी. धडा संपला की ती चटईचा पडदा सोडायची आणि मुली ताडपत्रीच्या दोरीवर उड्या मारायच्या. हसू आलं तर ओढणी तोंडात. मी शेजारीण, मला नुसती दोरीची सळसळ ऐकू यायची.

सेनुआरा त्यांतली बारा वर्षांची. तिचा बाप जाफर आलम सगळ्यांसमोर म्हणाला होता, "शाळा चालू असेपर्यंत पोरीचं लग्न काढणार नाही."

मग बाहेरची मदत आटली. संस्थेनं शाळेला कुलूप घातलं, फळाही नेला. आपानं "दुरुस्ती चाललीय" म्हणून सांगितलं आणि वर्ग स्वतःच्या झोपडीत भरवला. अडचण बिस्किटांची होती. शाळेतून रोज पुडा मिळायचा आणि बाप शाळा ओळखायचे ती पुड्यावरून. आपा रेशनचा तांदूळ देऊन बाजारातून बिस्किटं आणू लागली.

महिन्यानं जाफर आपाच्या दारात आला.

"आपा, बिस्किटं गोड लागतात."

"मग?"

"शाळेची कधी गोड नव्हती. सहा वर्षं खातोय मी."

"पोरीसाठी असतात ती, जाफरभाई."

"तीच देते अर्धी. शाळा बंद झाली ना?"

"बंद कुठंय? मी आहे की."

"तुम्ही आहात हो. शाळा कुठंय?" तो खाली बघत म्हणाला, "पहिल्याच दिवशी कळलं होतं. महिनाभर गप्प बसलो. रेशन अर्ध्यावर आलंय, आणि मुलाकडचे काही मागत नाहीत."

"बारा वर्षांची आहे ती."

"मला वय माहीत आहे, आपा. बाप आहे मी."

शुक्रवारी निकाह ठरला. आदल्या दिवशी मेंदी काढायला आपालाच बोलावलं; गल्लीत लिहिता हात तिचाच. सेनुआरा तळवा पसरून बसली होती. म्हणाली, "शनिवारी मला न्यायला येऊ नका हं आपा. ते लोक पलीकडच्या टेकडीवर राहतात. तुम्हाला लांब पडेल."

आपा म्हणाली, "हात हलवू नकोस."