पहिलं बाळंतपण

लोकांच्या लेकी सातव्या महिन्यात माहेरी येतात. मी सातव्या महिन्यात माहेर सोडलं. दुधनीच्या स्टँडवर आईनं पिशवीत एक ताट नि तांब्या कोंबला. "ह्यातच जेव. तुजं दुखणं जावयाला लागाया नगं," म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. तपासणीत माझ्या रक्तात पांढरी कावीळ निघाली होती. कागदावर हिपॅटायटिस बी. आईनं काविळीची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. माळ खाली सरकली की कावीळ उतरते म्हणतात; माळ पार पायापर्यंत उतरली, कावीळ होती तिथंच राहिली. डॉक्टरांनी बजावलं, बाळंतपण सोलापुरातच करा, बाळाला जन्मल्याबरोबर इंजेक्शनं मिळायला हवीत.

नवरा सोलापुरातच, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. खोलीत दिवसभर मागांचा खडखडाट. दुधनीच्या शांततेत वाढलेली मी, पहिला आठवडा रडूनच काढला. सरकारी दवाखान्यात मला रोज एक गोळी सुरू झाली, तीही फुकट. ताटाची गोष्ट ऐकून सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, एका ताटात जेवल्यानं हे पसरत नाही. रक्तातून पसरतं, बाळंतपणात आईकडून बाळाला जातं." नवऱ्याचं रक्त तपासून त्याला लस टोचली. त्या दुपारी आम्ही दोघं एकाच ताटात जेवलो.

लेक झाली. तिचं पहिलं रडणं थांबायच्या आत दोन्ही मांड्यांत एकेक इंजेक्शन दिलं. वर्षाची झाल्यावर तिचं रक्त तपासलं. रिपोर्ट हातात आला. रक्त स्वच्छ! मी तो कागद तीनदा वाचून घेतला. एवढीशी गोळी आणि दोन सुया, आणि आईकडून लेकराला जाणारं दुखणं माझ्यापाशी थांबलं. मला अजून खरं वाटत नाही.

'आईकडून बाळाला जातं' हे सिस्टरांचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना. नातीचं निमित्त करून आईला बोलावलं, तिचीही तपासणी केली. तिलाही होतं, यकृतही सुजलेलं. तिचीही गोळी सुरू झाली.

आईनं गोळ्यांची पुडी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "म्हंजे मीच दिलं व्हय गं तुला?"

मी लेक तिच्या मांडीवर ठेवली. "दिलं आसशील. पर हिला न्हाय गेलं की."

आता ती गोळ्या न्यायला येते, चार दिवस राहते, नातीला न्हाऊ घालते, मी तिला आयतं वाढते. परवा शेजारणीनं विचारलं, "लेकीकडं आलाव व्हय?"

आई म्हणाली, "न्हाय, माहेराला आलेय."