काकूंचा अँटेना आणि आमच्या सह्या

सोसायटीत सगळे म्हणायचे, ट्रंककॉल काकूंना राग यायला कारण लागत नाही. हे साफ खोटं आहे. काकूंना प्रत्येक वेळी कारण असायचं, आणि बहुतेक वेळा ते कारण आपणच असायचो. म्हणूनच लोकांना ते दिसायचं नाही.

मला त्या पहिल्यांदा भेटल्या त्या रागातच. आम्ही धायरीत नवीन फ्लॅट घेऊन तीनेक महिने झाले होते. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साठी ओलांडलेल्या, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई उभ्या. हातात छोटा ट्रान्झिस्टर, आणि त्यातून खरखर.

"तुमच्या घरात काहीतरी बोंबलतंय," त्या म्हणाल्या, आणि मी बाजूला होण्याआधीच आत आल्या. ट्रान्झिस्टर पुढे धरून हॉलमधून बाल्कनीत गेल्या. तिथे दिवाळीतली दिव्यांची माळ अजून लटकत होती. ट्रान्झिस्टर तिच्याजवळ नेला तशी खरखर कानठळ्या बसवणारी झाली. त्यांनी प्लग उपटला. ट्रान्झिस्टर गप्प.

"दिवाळी होऊन किती महिने झाले?"

"तीन."

"मग ही कोणासाठी? लक्ष्मी वाट चुकली म्हणून?"

मी यवतमाळची. आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही बसा म्हणतात. मी म्हटलं, "बसा ना काकू, चहा टाकते."

"चहा घेतला की तक्रार पातळ होते," असं म्हणून त्या निघून गेल्या.

काकू चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेलं, म्हणून सोसायटीनं त्यांचं नाव ट्रंककॉल ठेवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचं सरकारी लायसन्स काढलं, परवानगी घेऊन गच्चीवर माशाच्या काट्यासारखा ॲल्युमिनियमचा अँटेना उभारला, आणि स्पर्धांत उतरायला लागल्या. "तीस वर्षं मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली," त्या म्हणायच्या. "आता मी बोलते."

त्या माळेचं मला वाईट वाटलं, म्हणून पुढच्या शनिवारी दुपारी मी वर गेले. दार उघडंच होतं. काकू हेडफोन लावून माईकसमोर बसल्या होत्या आणि इंग्रजीत एकेक अक्षर फोडून ओरडत होत्या. मला पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "टाइप करता येतं?" मी आयटी कंपनीत टेस्टिंग करते. म्हटलं, येतं. "मग बस. उभी राहिलीस की पंखा अडतो." अशी मी त्यांची नोंदी करणारी झाले, ती पुढे चार वर्षं.

ही स्पर्धा समजायला सोपी आहे. ठरलेल्या शनिवार-रविवारी जगभरचे हौशी रेडिओवाले एकमेकांना हाका मारतात. ज्याच्याशी बोलणं होईल त्याचं खुणेचं नाव आणि त्यानं सांगितलेला क्रमांक बिनचूक लिहून घ्यायचा आणि पुढच्याला हाक मारायची. जितकी माणसं, जितके देश, तितके गुण. बक्षीस म्हणाल तर एक कागद. त्या कागदासाठी काकू पाठदुखीचा पट्टा बांधून दिवसचे दिवस खुर्चीत बसायच्या.

यात एक रीत आहे. समोरच्याचा आवाज कसा येतोय ते दोन आकड्यांत सांगायचं असतं, आणि सगळ्यात चांगला आवाज म्हणजे पाच-नऊ. स्पर्धेत वेळ वाचवायला सगळेच सगळ्यांना पाच-नऊ म्हणतात, आवाज येवो न येवो. काकू म्हणायच्या नाहीत. त्या खरं काय ते सांगायच्या, तीन-चार म्हणजे तीन-चार. पलीकडचा गोंधळायचा, पुन्हा विचारायचा, वेळ जायचा. मी वैतागून म्हटलं, "काकू, सगळेच पाच-नऊ म्हणतात."

"याचा आवाज आडातून आल्यासारखा येतोय. त्याला मी पाच-नऊ कुठल्या तोंडानं सांगू?"

"पण आपण मागे पडतो."

"पडू की. खोटं बोलून पुढे जायचं तर घरबसल्या वहीत भर ना नावं. रेडिओ कशाला पाहिजे?"

एकदा पॅसिफिकमधल्या एका बेटावरचा माणूस अगदी पुसट ऐकू आला. नवा देश, भरपूर गुण. त्याचा क्रमांक अर्धा आला आणि आवाज बुडाला. उरलेला मी अंदाजानं भरला. काकूंनी एक कान मोकळा केला. "ऐकलंस, की वाटलं?" मी म्हटलं, वाटलं. "खोड." मी हुज्जत घातली. त्यांनी स्वतः हात लांब करून ती ओळ पुसली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांचा संताप आला होता. पण त्यानंतर ऑफिसात 'चालतंय बहुतेक' असं लिहून एखादं काम पुढे ढकलताना माझा हात थांबायला लागला.

शहरातल्या रेडिओ मंडळानं एकदा त्यांना टेकडीवरच्या सामुदायिक स्पर्धेला बोलावलं. तिथल्या कोणाहीपेक्षा काकूंचा कान तिखट होता. पण त्या पोचल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "ताई, आपण जरा चहापाण्याचं बघाल का? माईकवर मुलं आहेत." ही मुलं पन्नाशीची होती. काकू आल्या तशा परत उतरल्या आणि बस धरून घरी आल्या. मी विचारलं, काय झालं. "काही नाही. कान घेऊन गेले होते, त्यांना हात पाहिजे होते," त्या म्हणाल्या. पुढच्या स्पर्धेत माईकवर एकट्यानं बसून त्यांनी त्या अख्ख्या मंडळापेक्षा जास्त गुण मिळवले आणि निकालाचा कागद त्या गृहस्थांना रजिस्टर पोस्टानं पाठवला.

आता मला ज्याचा राग आहे ते सांगते.

आमच्या सेक्रेटरींना गच्चीवर शेड घालायची होती, वाढदिवस आणि बारशांसाठी. मध्ये काकूंचा अँटेना येत होता. सरळ तसं म्हटलं असतं तर निदान भांडण खरं झालं असतं. तसं न म्हणता त्यांनी एक अर्ज तयार केला. अँटेनातून निघणाऱ्या लहरींमुळे रहिवाशांची डोकी दुखतात, झोप लागत नाही, कबुतरं मरतात. तो घेऊन ते घरोघरी फिरले. आमच्याकडे आले तेव्हा माझ्या सासूबाईंना महिनाभर डोकेदुखी होती. त्यांच्या चष्म्याचा नंबर चुकला होता आणि हे मला माहीत होतं. नवीन चष्मा करायला मीच टाकून आले होते. तरी सासूबाई म्हणाल्या, "असेलही बाई त्या काट्यामुळे." नवरा म्हणाला, "करून टाक सही. रोज तोंड बघायचंय त्यांचं." सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, फक्त चर्चेसाठी आहे हो." आणि मी चपलांच्या रॅकवर कागद ठेवून, त्यांच्याच पेननं सही केली.

दोन दिवसांनी काकू आल्या. हातात अर्जाची झेरॉक्स. मी वाट पाहत होते की त्या आता ओरडतील.

"ही सही तुझी?"

"हो."

"अर्ज वाचला होतास?"

"हो."

"तुझ्या सासूचं डोकं चष्म्यानं दुखतंय, हे तूच मला सांगितलंस ना?"

"हो."

"बरं." त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. "ठेव तुझ्याकडे. माझ्याकडे दुसरी प्रत आहे."

त्या जिना चढून गेल्या. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल ते किती भयंकर होतं.

सभा पार्किंगमध्ये झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. काकू लायसन्स आणि हातानं लिहिलेल्या रोजच्या नोंदींच्या वह्या घेऊन आल्या. "मी कधी बोलते ते यात मिनिटाबरहुकूम लिहिलेलं आहे. तुम्ही सांगा, डोकं कधी दुखलं?" पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "रोजच दुखतं. मार्चमध्ये तर फारच." काकूंनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. मार्चची पानं कोरी होती. "माझा सेट महिनाभर दुरुस्तीला होता, वहिनी. तेव्हा कोणी दुखवलं?" मागे कोणीतरी हसलं. मग काकूंनी अर्ज हातात घेतला. "तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा उल्लेख आहे यात. त्यांच्या घरचं कोणी बोलणार आहे का?"

त्या आजी म्हणजे माझ्या सासूबाई. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठून एक वाक्य बोलायचं होतं, 'चष्म्याचा नंबर चुकला होता.' बस. मी मोबाईलकडे बघत राहिले. सेक्रेटरी म्हणाले, विषय पुढच्या सभेत घेऊ.

पुढची सभा झालीच नाही. मे महिन्यात काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस भाचीकडे गेल्या, आणि त्याच चार दिवसांत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. मी ऑफिसातून आले तर पार्किंगच्या कोपऱ्यात अँटेनाच्या कापलेल्या नळ्यांचा ढीग, वर वाळूची रिकामी पोती. मी तशीच सेक्रेटरींच्या दारात गेले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते अशी ओरडले. माझं सगळं पुणेरी गळून पडलं. "लाज वाटते का तुमाले? म्हातारी बाई घरी नाही पाहून तोडून टाकलं!"

ते शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, कामगारांकडून झालं असेल. आणि अर्जावर आपलीही सही आहे की. अकरावी."



काकू परतल्या त्या काळा चष्मा लावूनच. सामान दारात ठेवून गच्चीवर गेल्या. मी मागोमाग. कठड्यापाशी अँटेनाची लोखंडी बैठक तेवढी उरली होती. काकूंनी घरातून पाना आणला, उकिडव्या बसल्या आणि चारही नट सोडवून पदरात बांधले. "डोळ्याला ताण नको ना काकू, द्या मी काढते," मी म्हटलं. "तू हात लावू नकोस," त्या म्हणाल्या.

वर्षाच्या आत फ्लॅट विकून त्या वाईजवळ भाचीच्या गावी गेल्या. टेम्पो भरताना मी खाली उभी होते. शेवटी धीर करून म्हटलं, "काकू, माझं चुकलं. मला माफ करा."

त्या टेम्पोवाल्याच्या दोऱ्या तपासत होत्या. वळल्या. "तुझं चुकलं हे तुला कळलंय, ते बरं झालं. पण मला तुझा राग आहे, आणि तो मी उगाच जाऊ देणार नाही. त्या बाकीच्यांचा नाही मला राग. त्यांना काही माहीतच नव्हतं. तुला माहीत होतं." मग पुढच्या सीटवर चढून बसल्या.

त्यानंतर मी अभ्यास करून लायसन्स काढलं. दोनदा स्पर्धेत काकू मला ऐकू आल्या. मी हाक मारली. कोणाही अनोळखी माणसाला द्यावा तसा क्रमांक त्यांनी मला दिला, माझा घेतला, आणि पुढच्याला हाक मारली.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. भाचीनं कळवलं, आणि ती बातमी मीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. अर्ध्या तासात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं, फार प्रेमळ होत्या. सेक्रेटरींनी लिहिलं, 'आपल्या सोसायटीचा अभिमान हरपला.' ते मी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचलं आणि ताट तसंच टाकून उठले.

घरी येऊन कपाटातून ती झेरॉक्स काढली. एकतीस सह्या, खाली तारीख. त्यातल्या अकराव्या सहीभोवती लाल पेननं गोल केला, फोटो काढला आणि त्या सगळ्या हात जोडलेल्या चित्रांच्या खाली पाठवून दिला.

थोड्या वेळानं सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, गेलेल्या माणसावरून वाद कशाला? तो फोटो काढून टाका प्लीज. लोकांना वाईट वाटतंय."

मी म्हटलं, "वाटू दे."