उरलेले छप्पन बाइट

जहूर परकार कुठलीही गोष्ट दोनदा करत नाही. त्याची बायको हलिमा धुतलेलं भांडंसुद्धा वापरण्याआधी पुन्हा विसळते, आणि त्यावरून आखातात, फुजैरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत सोळा वर्षं वाद चालू आहे. जे भरायचंच आहे ते आधी पुसायचं कशाला, हे जहूरचं म्हणणं. घरात त्याचं कोणी ऐकत नाही. ऑफिसात ऐकलं, आणि घोटाळा तिथेच झाला.

आमच्या तेलाच्या टर्मिनलवर प्रत्येक टाकीला एक डबा बसवलेला आहे. तो तेलाची पातळी आणि तापमान मोजून जहाजाला रिपोर्ट पाठवतो. त्या डब्यातही ऑपरेटिंग सिस्टीम असते, तिच्या गाभ्यात कर्नेल असतं, आणि त्या कर्नेलमध्ये बसणारा थोडा कोड जहूरचा. मी संपदा, कागदपत्रं सांभाळते. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गेल्या वर्षी समजून घ्यावं लागलं.

दुपारी आम्ही तिघं कँटीनमध्ये एका टेबलावर जेवायचो: मी, दापोलीचा जहूर आणि गुहागरचा सोमनाथ. सोमनाथ टाक्या साफ करायला म्हणून आला आणि अकरा वर्षांत कंट्रोल रूमचा ऑपरेटर झाला. हलिमाने दिलेलं सुरमईचं कालवण तो हक्काने अर्धं संपवायचा, वर मीठ कमी आहे म्हणायचा.

मार्चमध्ये कंट्रोल रूमच्या सिस्टीममध्ये बाहेरून कोणीतरी शिरलं. नेलं काही नाही, नुसतं हिंडून गेलं. पण पासवर्ड बरोबर टाकून गेलं. तो दोघांनाच माहीत होता, मॅनेजर रोनितला आणि सोमनाथला. रोनित मॅनेजर असल्यामुळे संशय सोमनाथवर गेला. त्याचं काम काढून घेतलं, घरी पाठवायचं रविवारचं तिकीट काढलं, आणि तोवर रोज येऊन बसायला सांगितलं. तो येऊन बसायचा. जहूर आपल्या जागेवरच डबा खाऊ लागला. मी पोटाचं कारण काढलं. आगीशिवाय धूर निघत नाही, असं आमच्यातलं कोणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.

गुरुवारी एका जहाजाची तक्रार आली, फेब्रुवारीतल्या रिपोर्टातलं तापमान चुकलंय म्हणून. जहूरने ती फाइल खोलात जाऊन तपासली. तापमान बरोबर होतं. फाइलच्या शेपटीला मात्र कचरा होता, आणि कचऱ्यात पासवर्डसारखं दिसणारं काहीतरी. त्याने ते रोनितला दाखवलं. रोनितचा चेहरा पाहून त्याची खात्री पटली.

झालं होतं ते असं. रिपोर्ट बनवताना जहूरचा कोड कर्नेलकडे दोनशे छप्पन बाइटची जागा मागतो. आकडे भरतात दोनशे. उरलेल्या छप्पनमध्ये आधी कोणी काय ठेवलं असेल ते तसंच पडून राहतं, आणि जहाजाकडे जाते सगळी जागा. त्या दिवशी तिथे सोमनाथने डब्यात लॉगिन करताना टाकलेला पासवर्ड पडून होता, आणि कंट्रोल रूमचा पासवर्डही तोच. जागा हातात आली की आधी शून्यांनी भरून टाकणारी एक ओळ पूर्वी कोडमध्ये होती. ती जहूरने काढली होती. त्यात वेळ वाचला, सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याहून थोडा कमी. कंपनीने त्याबद्दल त्याला सर्टिफिकेट दिलं, फ्रेमसकट.

रोनितने मार्ग सुचवला. "लाइन परत टाक, अपडेट सोड, खलास. जहाजांना कळवलं तर क्लायंट जातील. सोमनाथचं तिकीट तर झालंच आहे."

जहूर दोन तास जागेवर बसून राहिला. त्याला दोन मुली आहेत, दोघींच्या शाळा इथे आहेत, त्यामुळे दोन तास मी त्याला माफ करते. मग तो माझ्याकडून सगळ्या जहाजांचे ईमेल पत्ते घेऊन गेला. कशाला हवेत ते मी विचारलं नाही. दोनशे बारा जहाजांना आणि हेड ऑफिसला त्याने स्वतःच्या नावाने लिहिलं: रिपोर्टातून पासवर्ड बाहेर गेला, कोड माझा, चूक माझी, सोमनाथचा यात काही दोष नाही.

शनिवारी सोमनाथचं तिकीट रद्द झालं. जहूरला पत्र मिळालं की जुलैनंतर त्याचा करार वाढवला जाणार नाही. ते घडी घालून त्याने खिशात ठेवलं आणि हलिमाला फोन लावला.

सोमवारी हलिमाने मोठा डबा दिला. जहूर आणि मी जुन्या टेबलावर जाऊन बसलो. सोमनाथ आला, पण उभाच राहिला. जहूरने त्याला छप्पन बाइट समजावून सांगितले. टाक्या धुतलेल्या माणसाला फार सांगावं लागलं नाही.

"म्हणजे आधीच्या मालाचा गाळ पुढच्याला गेला," सोमनाथ म्हणाला.

जहूर हो म्हणाला. मग माफ कर म्हणाला.

"मशीनची मिस्टेक समजली, जहूरभाई. मेल पण वाचला, तुमचे उपकार आहेत. पण मशीनने माझं नाव नव्हतं घेतलं. नऊ दिवस या टेबलावर मी एकटा होतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "संपदाताई, तुम्ही पण."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जहूरने झाकण काढून डबा त्याच्यापुढे सरकवला. सोमनाथ म्हणाला, माझं जेवण झालंय, आणि गेला. कँटीन उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती.