डॉमनिककाकांची गाडी आणि माझं ‘हो हो’

परदेशातल्या टार्निट या उपनगरात आमच्या घराला कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे डॉमनिककाका आहेत, त्यामुळे लॉकडाऊनमध्ये मला कंटाळा यायची सोय नव्हती.

काका मूळचे वसईचे. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी अमेरिकन गाडी घेतली. पांढरी, लांबलचक, डाव्या बाजूला स्टिअरिंग आणि मागे माशासारखे दोन पंख. (कंपनीचं नाव इथे घेत नाही. घेतलं तर काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील.) रोज संध्याकाळी पाचला कुंपणाशी व्याख्यान असे. भागीदारांच्या भांडणातून कंपनी कशी जन्मली, हँडल मारायची कटकट कधी गेली, पंख कोणत्या साली केवढे वाढले, साधं मॉडेल कुठलं, उघड्या टपाचं कुठलं आणि ड्रायव्हर-मालकांमध्ये काच असलेलं कुठलं. मी मोबाईल बघत “हो हो” म्हणायचो. तीन महिन्यांसाठी आलेली आणि विमानं बंद झाल्याने अडकलेली माझी आई मात्र मटार सोलत शेजारी बसायची. बिचारीला दुसरी करमणूक नाही, असं मला वाटायचं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी आईला ताप भरला. एकशे दोन. घसा धरलेला. आई सत्तरीची, त्यात डायबेटिस. टेस्टिंग सेंटर चारला बंद होणार, आणि आमची एकुलती एक गाडी घेऊन मेधा, म्हणजे माझी बायको, शिफ्टला गेलेली.

मी कुंपणाशी धावलो. काकांनी ऐकलं आणि पलीकडून किल्ली फेकली. “घेऊन जा. ताईंसाठी नाही तर कोणासाठी ठेवलीये? फक्त वाटेत पेट्रोल टाक, काटा खाली आलाय. कुठून टाकायचं ते माहितेय ना?”

“हो हो,” मी म्हणालो.

पेट्रोल पंपावर मी गाडीची डावी बाजू बघितली. सपाट. उजवी बघितली. तीही सपाट. नंबरप्लेटमागे बोट घातलं, बंपरखाली डोकं घातलं, बॉनेट उघडून परत लावलं. मागच्या गाडीतला एक दाढीवाला उतरला. “You right, mate?” म्हणजे, काही मदत हवी का? तोही गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग पंपावरची मुलगी आली. आम्ही तिघं तोंडाला मास्क लावून, एकमेकांत दीड मीटर अंतर राखून, वटपौर्णिमेला वडाभोवती फिरावं तसे त्या गाडीभोवती फिरत होतो. साडेतीन वाजले होते.

शेवटी लाज सोडून काकांना फोन केला.

“काका, पेट्रोलचं झाकण कुठे आहे?”

पलीकडून दुखावलेला आवाज. “अरे, मागच्याच आठवड्यात सांगितलं की तुला. बरं, आधी मला सांग, ही कुठल्या सालची?”

“काका, आई तापलीये!”

तेवढ्यात काच जेमतेम दोन बोटं खाली आली. आतून आईचा घोगरा आवाज आला. “मागचा डावा लाल दिवा वर उचल.”

उचलला. दिव्याखाली झाकण! दाढीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

“तुला कसं माहीत?” मी विचारलं.

“मी ऐकत होते,” आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

चारला दहा मिनिटं असताना सेंटरला पोचलो. नर्स सवयीने उजव्या खिडकीशी गेली आणि आईला म्हणाली, “इंजिन बंद करा, मॅडम.” आईने माझ्याकडे बोट दाखवलं. “My son driving. He is learning.” दोघांच्याही नाकात काडी गेली.

ती रात्र आणि दुसरा दिवस मी कसा काढला ते मला विचारू नका. आईच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो आणि तिचा प्रत्येक खोकला मोजत होतो. संध्याकाळी मेसेज आला. निगेटिव्ह. दोघंही. साधा घसा होता. मी खुर्चीतच रडलो. आत आईने विचारलं, “चहा टाकतोस का?” इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

चार दिवसांनी आई उठली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हा तिचा नियम, आणि गाडी तरी त्याला अपवाद का असावी? टाकी तर मी गच्च भरली होतीच, शिवाय डिकीत रव्याच्या लाडवांचा डबा गेला. काका तो डबा उघडून कुंपणाशी खूश होऊन उभे.

“ताई सांगत होत्या, फोन ठेवल्यावर झाकण तूच शोधलंस म्हणे. म्हणजे ऐकत होतास तर!”

“हो हो,” मी म्हणालो.

“मग सांग बघू, पंख यायच्या आधीच्या मॉडेलात झाकण कुठे होतं?”

मी आशेने आईकडे पाहिलं. आईने शांतपणे काकांच्या हातातल्या डब्यातून एक अख्खा लाडू उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला.